सर्पिल दीर्घिका आधी की लंबवर्तुळाकार?

चांदणवाट:
नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी खगोलशास्त्रज्ञ हबलची ती दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) प्रकारांची दुबेळक्यासारखी आकृती काढत बसलोय. डावीकडे लंबवर्तुळाकार, मध्ये भिंगाकार, उजवीकडे सर्पिलांचे दोन फाटे: एक साध्या, एक मधोमध दांडा असलेल्या. तिने विचारलं, "बाबा, म्हणजे गोल दीर्घिका चपटी होत जाऊन तिला भुजा फुटतात का?" एका व्हिडिओत नेमकं उलट सांगितलंय, की दोन सर्पिल धडकून लंबवर्तुळाकार होते. बाण कुठल्या दिशेने काढू?

आर्द्रा:
बाण काढूच नका. हबलने 1926 साली दीर्घिका रूपावरून लावल्या, वयावरून नाही.

जुन्नर तालुक्यात वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं, त्या अनुभवावरून सांगते: मुलीला आकाराआधी रंग बघायला सांगा. जड निळे तारे काही कोटी वर्षांच्या आतच संपतात. ते दिसताहेत, म्हणजे तिथे तारे आजही जन्मताहेत. सर्पिलांच्या भुजा म्हणूनच निळसर. लंबवर्तुळाकार पिवळट-तांबूस, कारण तिथे म्हातारे तारेच उरलेत. हा फरक पडतो थंड हायड्रोजनमुळे, कारण तारे त्या वायूपासूनच बनतात. माझ्या मते दीर्घिकेचं आयुष्य म्हणजे तिच्या वायूचा जमाखर्च. आकार त्याच्या मागोमाग येतो.

याचा पुरावा आमच्या शेजारचाच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी तिथून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या साडेसात हजारांवर दीर्घिकांतल्या अणुरूप हायड्रोजनचा शोध घेतला, 2020 साली ते प्रसिद्ध झालं. एकटीदुकटीचा संकेत इतका क्षीण की हाती लागत नाही, म्हणून सगळ्यांचे संकेत एकत्र करून सरासरी काढली. वायू भरपूर निघाला. पण तेव्हा तारे इतक्या झपाट्याने बनत होते, की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेशी भर पडली नाही आणि विश्वभरातला ताऱ्यांचा जन्मदर उतरत गेला, असं त्यावरून दिसतं. आज तो तेव्हाच्या साधारण दहावा हिस्सा आहे. हे खोडदच्या अँटेनांनी टिपलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सातपुडा_खगोल:
ताई, मग टकरीचं काय? शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका चार अब्ज वर्षांनी आपल्यावर आदळणार, हे पक्कं ना?

आर्द्रा:
पक्कं नाही, दादा. देवयानी जवळ येतेय, सेकंदाला साधारण 110 किलोमीटर वेगाने; पण आडवा वेग थोडा जरी इकडेतिकडे झाला तरी गणित बदलतं. 2025 साली मोठा मॅजेलनी मेघ आणि एम 33 या आसपासच्या लहान दीर्घिकांचंही गुरुत्व धरून हिशेब केला गेला, तेव्हा पुढच्या दहा अब्ज वर्षांत विलीन होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आली.

टक्कर झालीच तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत, मध्ये अंतरंच अफाट असतात. भिडतो तो वायू. तो दाबला जातो, ताऱ्यांची एकच झुंबड उडते, वायू लवकर खर्ची पडतो. ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात आणि चकतीचा गोळा होतो. दोन तुल्यबळ सर्पिलांचं बहुधा असं होतं. लहान दीर्घिका गिळली तर चकती टिकूही शकते. आपल्या आकाशगंगेने आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वी एक गिळलीय. गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून 2018 साली ते कळलं, आणि आपण अजून सर्पिलच आहोत.

टक्कर न होताही वायू जातो. दीर्घिकांच्या दाट समूहात तापलेल्या वायूतून धावताना तो ओरबाडला जातो. भुजा विरतात, चकती राहते. काही भिंगाकार अशाच झाल्या.

चांदणवाट:
म्हणजे सुरुवातीला सगळ्या अनियमित, मग सर्पिल, मग बाकीच्या?

आर्द्रा:
तितकं सरळ नाही. सुरुवातीच्या बऱ्याच दीर्घिका वेड्यावाकड्या होत्या हे खरं, पण एनसीआरएच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत 'अलकनंदा' सापडली: दोन ठसठशीत भुजांची सर्पिल, महास्फोटानंतर अवघ्या दीड अब्ज वर्षांतली. इतक्या लवकर इतकी घडी बसलेली चकती अपेक्षित नव्हती. उलट काही अवजड लंबवर्तुळाकार दीर्घिकांनीही आपले बहुतेक तारे फार लवकर बनवून टाकले.

शक्य असेल तर लेकीला मार्च-एप्रिलच्या रात्री सप्तर्षीजवळच्या एम 81 आणि एम 82 या दोन दीर्घिका दाखवा. आठ इंची दुर्बीण, कमी वर्धन. दोघी एकाच दृश्यात मावतात. 81 म्हणजे उजळ गाभ्याचा अंडाकृती धूसर डाग, 82 बारीक तिरकी रेघ. 81च्या ओढीने 82च्या पोटात वायू ढवळला गेला आणि तिथे धडाधड तारे जन्मताहेत. दोघींमध्ये ताणले गेलेले हायड्रोजनचे पट्टे रेडिओ दुर्बिणीतून दिसतात, डोळ्यांना नाही.

प्रोजेक्टात बाणांऐवजी प्रत्येक प्रकारापुढे दोन रकाने करा: थंड वायू किती, नवे तारे किती.