जुने आणि नवे सागवान एकाच कपाटात: रंगातील फरक कसा कमी करावा?

प्रश्न

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात आजोबांचा हातमाग होता. घराच्या दुरुस्तीच्या वेळी त्याचे सागवानी खांब आणि तुळया चिरून घेतल्या, कमी पडले तेवढे नवे सागवान आणले आणि मिस्त्रींकडून कपाट करून घेतले. पुढची एक पट्टी मात्र रंधा न मारता तशीच बसवली आहे, कारण आजोबांचे तळहात टेकून टेकून ती काचेसारखी गुळगुळीत झाली आहे.

आता पॉलिश राहिले आहे. जुन्या फळ्या गडद तपकिरी आहेत, नव्या फळ्या पिवळसर आहेत आणि एका दाराच्या कडेला चार बोटे रुंदीचा जवळजवळ पांढरा पट्टा आहे. बोल्टच्या भोकांभोवती निळसर काळे डागही आहेत. सगळ्यावर गडद वॉलनट रंग मारला की फरक झाकला जाईल, असे पॉलिशवाले म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर १

आपली शंका योग्य आहे. गडद स्टेनने, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाने, हलके आणि गडद असे दोन्ही भाग गडद होतात, पण त्यांच्यातील फरक खाली तसाच राहतो. तो पूर्ण झाकायचा म्हटले तर रंग इतका जाड द्यावा लागतो की रेषा बुजतात आणि सागवान असूनही रंगवलेल्या प्लायसारखे दिसते. म्हणून सगळे लाकूड गडद न करता, जो भाग फिका आहे तेवढाच शेजारच्या भागाच्या जवळ आणावा.

आधी स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके सर्व फळ्यांवरून फिरवून पाहा. ओले असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशखाली दिसणार असतो. कोरडे लाकूड पाहून रंग ठरवला की हमखास फसगत होते.

नव्या फळ्यांना थोडा वेळ द्या. ताजे चिरलेले सागवान पट्ट्यापट्ट्यांचे दिसते, पण उजेड आणि हवा लागली की ते आपोआप सोनेरी तपकिरी होत जाते. दारे दोन-तीन आठवडे भरपूर उजेडाच्या व्हरांड्यात ठेवा आणि अधूनमधून फिरवा. थेट उन्हात ठेवू नका, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फळी वाकते. वर काही टेकवून ठेवले तर तेवढीच जागा फिकी राहते, हेही लक्षात असू द्या.

पांढरा पट्टा हा सालीलगतचा भाग आहे. तो कितीही दिवस ठेवला तरी गाभ्यासारखा होणार नाही, त्याला रंग द्यावाच लागेल. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग अगदी पातळ करून बारीक ब्रशने फक्त त्या पट्ट्यावर द्या आणि वाळल्यावर पुन्हा द्या, असे तीन-चार वेळा करा. एका हातात काम उरकायला गेलात तर कडेला गडद रेघ उमटते. शेजारच्या फळीपेक्षा किंचित फिका असतानाच थांबा. त्याच पांढऱ्या लाकडाचा तुकडा मिस्त्रींकडे उरला असेल तर त्यावर शेवटच्या पॉलिशपर्यंतचा सगळा प्रयोग आधी करून पाहावा.

घासताना सगळ्या फळ्यांना एकाच क्रमाने १२०, १५० आणि १८० नंबरचे पॉलिश पेपर लावा. फळ्यांची आडवी कापलेली टोके मात्र २४० पर्यंत घासा. ती रंग जास्त पितात आणि काळवंडतात.

उत्तर २

काळ्या डागांविषयी लिहितो. लोखंड, ओलावा आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने ते होतात, त्यामुळे घासून जात नाहीत. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते लावावे, डाग फिकट झाल्यावर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे आणि फळी पूर्ण वाळू द्यावी. हे विषारी आहे, म्हणून हातमोजे वापरा. नीट न धुता घासलेत तर त्याची पूड नाकात जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ॲसिड फक्त भोकांभोवती लावले तर चालेल का? आणि आजोबांच्या हाताची ती पट्टी?

उत्तर २

फक्त भोकांभोवती लावले तर तिथे फिके वर्तुळ उठते. म्हणून सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण फळीला लावावे. त्या पट्टीला मात्र ॲसिड लावू नका आणि पॉलिश पेपरही लावू नका.

उत्तर १

मीही हेच सांगेन. हाताच्या घर्षणाने आलेली तकाकी एकदा घासली की परत येत नाही. फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन मळ पुसा आणि लाखेचे पातळ पॉलिश दोनदा द्या, तेवढे पुरे. तिथे स्पिरिटचे फडके चालवू नका, पूर्वी कोणी लाख लावली असेल तर ती विरघळेल.

बाकीच्या कपाटालाही आधी लाखेचाच एक पातळ हात द्या आणि मग लांबून पाहा. पट्टा तरीही फिका वाटला तर लाखेतच चिमूटभर रंग मिसळून तो तेवढ्याच भागावर फिरवता येतो. हे काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारच्या उष्णतेत स्पिरिट ब्रशखालीच उडते आणि दोन हात जिथे जुळतात तिथे रेघा दिसतात.