मदत हवी आहे: जुनी जॉन्सन बोटमोटर – शाफ्ट वाकला पण पिन शाबूत, गिअरमध्ये पाणी

नमस्कार मंडळी,

नवापूर तालुक्यात उकाई धरणाच्या फुगवट्यावर आमची मासेमारीची नाव आहे. मोटर १९६८ची जॉन्सन, ६ एचपी, दोन सिलेंडर, टू स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायची. आजोबांनी मुंबईहून जुनीच आणली होती. 'भंगारात घाला, नवीन घ्या' हा सल्ला इथे सगळेच देतात, तो कृपया नको. मला हीच मोटर पुन्हा पाण्यावर न्यायची आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली वीतभरावर येतात, वरून दिसत नाहीत. तशाच एका बुंध्याला पंखा धडकला. नाव आप्पा हाकत होते, वेग बेताचाच होता. तेव्हापासून मोटर थरथरते.

घरी आणून जे पाहिलं ते सांगतो. केसिंगला तार बांधून तिचं टोक शाफ्टजवळ (पंखा ज्यावर बसतो तो दांडा) ठेवलं आणि पंखा हाताने फिरवला, तर एका बाजूला दीड-दोन मिमी फट पडते. म्हणजे शाफ्ट वाकलाय. गिअरचं ऑईल काढलं तर मठ्ठ्यासारखं पांढरं. चिमटीत चोळून पाहिलं, लोखंडाचा कीस नाही. पंख्याची पिन मात्र जशीच्या तशी.

दुसरं दुखणं वरचं. थंड असताना दोन्ही सिलेंडर चालतात, गरम झाली की खालचा बंद पडतो. प्लगची अदलाबदल केली, तरी खालचाच बंद. कॉम्प्रेशन दोन्हीकडे ७५ पौंडांच्या आसपास. धडकेने फ्लायव्हीलची चावी (वरच्या जड चाकाला इंजिनच्या दांड्यावर जागेवर धरणारी छोटी पट्टी) कापली गेली असेल का? आणि शाफ्ट लेथवाल्याकडे सरळ करून घ्यावा का? इथला एक जण गॅसने तापवून देतो म्हणतोय.

दर्यावर्दी: गॅस अजिबात लावू देऊ नका. तापवलं की शाफ्टचा कडकपणा जातो आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा वाकतो. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवून, डायल गेज (बारीक वाक दाखवणारं काट्याचं माप) लावून, प्रेसवर थंडच सरळ करणारा माणूस शोधा. सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारी कडी) जिथे बसतं तिथे नखाने चाचपा. चर लागला तर नवीन सीलही गळणार.

पण मला खटकतेय ती पिन. पंखा अडला की आधी तिने तुटायचं असतं, त्यासाठीच ती असते. ती काढून तिच्यावर कानस फिरवून बघा.

गिरणाकाठ: भाऊ, वरचं आणि खालचं दुखणं वेगळं आहे. चावी कापली गेली तर दोन्ही सिलेंडरचं टायमिंग एकदमच बिघडेल, फक्त गरम झाल्यावर आणि फक्त खालच्याचं नाही. गरम झाल्यावर एकाच बाजूची ठिणगी जाते म्हणजे कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारं वेटोळं) किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर. या मोटरीत प्रत्येक सिलेंडरची कॉइल, पॉइंट (वीज तोडून ठिणगी पाडणारा संपर्क), कंडेन्सर वेगळं असतं, त्यामुळे दोन कॉइलची जागा बदला. बिघाड वरच्या सिलेंडरला गेला तर कॉइलच गेली. त्या काळच्या कॉइलवरचं आवरण तडकतंच, उजेडात नीट बघा. पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिमी. फ्लायव्हील पुलरनेच काढा, कडेवर हातोडी नको. राजदूत, लुना दुरुस्त केलेला कुणी जुना मिस्त्री असेल तर त्याला सोबत घ्या, पॉइंटचं काम त्याच्या हातात बसलेलं असतं.

धागाकर्ता: दोघांचे आभार. पिन काढली. कानस नुसती घसरते, ओरखडाही उमटत नाही. मागे कुणीतरी कडक बोल्ट कापून ठोकलाय! म्हणून पिन वाचली आणि मार शाफ्टने खाल्ला. खालच्या कॉइललाही केसासारखी तडा आहे. जागा बदलली तर ठिणगी आता वरच्याची जाते. शाफ्टसाठी धुळ्यात डायल गेजवाला लेथ मिळालाय. पिन कशाची करू? आणि सील कुठल्या मापाचं?

दर्यावर्दी: पितळी सळईची करा, भोकात हाताने सरकेल इतकीच जाड. चार-सहा जास्त करून नावेत ठेवा, पक्कड आणि कॉटर पिनसकट. मोटर अमेरिकन आहे, मापं इंचात. शाफ्टचा व्यास, सीलच्या घराचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजूनच बेअरिंगच्या दुकानात जा. 'जवळपासचं' मिमीचं सील घेऊ नका. ड्रेन स्क्रूचे वॉशरही बदला, पाणी तिथूनही शिरतं. सगळं बसवल्यावर ऑईल भरायच्या आधी सायकलच्या पंपाने चार-पाच पौंडच हवा भरा आणि गिअरकेस टबात बुडवा. बुडबुडे जिथून येतील ती गळती. नाही आले तर ८०-९०चं गिअर ऑईल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.