१ ऑगस्ट १९२० : तारीखच जुळते की वर्षही?

प्रश्न : १ ऑगस्टच्या दिनविशेषात लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती शेजारी-शेजारी छापलेली असते. या घटना एकाच वर्षीच्या आहेत काय?

उत्तर : होय, वर्षही १९२०च. टिळकांचे निधन मध्यरात्रीनंतर मुंबईतील सरदारगृहात झाले, आणि त्याच दिवशी वाटेगावात, म्हणजे तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यात, अण्णा भाऊंचा जन्म झाला.

दुसरे उत्तर : असहकार चळवळीचा आरंभही याच दिवशीचा, दिनविशेषांतून तो बहुधा सुटतो, याचे नवल वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे ज्या मुंबईने गिरगाव चौपाटीवर टिळकांना निरोप दिला, तिथेच पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची शाहिरी घुमली.