मदत हवी आहे: ‘अ’ समरी झालेल्या खुनाचा तपास पुन्हा सुरू कसा करता येईल?

माझ्या मामांचा २०१२ मध्ये रात्री दुकान बंद करून घरी येताना खून झाला. आरोपी सापडलाच नाही. फिर्याद मामींची. आता चौकशी केल्यावर कळलं की केस ‘अ’ समरीत गेली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात असा अहवाल कोर्टात देऊन पोलिसांनी तपास बंद केला. मामींना साधी नोटीससुद्धा आली नव्हती! असा अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने भगवंत सिंग प्रकरणात १९८५ मध्येच सांगितलंय.

मग मॅजिस्ट्रेटपुढे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १७३(८), म्हणजे जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १९३(९) खाली पुढील तपास मागायचा, की थेट हायकोर्टात रिट करायची? दाभोलकरांच्या खुनाचा तपास २०१४ मध्ये हायकोर्टाने सीबीआयकडे दिला, तरी खालच्या कोर्टाचा निकाल यायला मे २०२४ उजाडला. आमच्या केसकडे तर कुणाचंच लक्ष नाही.

मामांचा शर्ट, चष्मा आणि दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा मुद्देमालात जमा आहे. त्याची विल्हेवाट लावू नये म्हणून अर्ज कुठे द्यायचा? शर्टाची डीएनए तपासणी अजून होऊ शकेल का? मामी सत्तरीच्या आहेत. आरोपी सापडला नसला तरी सीआरपीसीच्या कलम ३५७अ (आता बीएनएसएसचं कलम ३९६) खाली भरपाई मागता येते, पण त्यांना तपासच हवा आहे.

सातारा भागातले अनुभवी फौजदारी वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया कळवा.