लिंकिन पार्क: मेटिओरानंतर थेट महालक्ष्मी, मधली २० वर्षं कुठून ऐकू?

कराडकर_८३

मंडळी, आधी कबुली देतो मग प्रश्न विचारतो. जानेवारीत भाचीच्या नादाने मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा ह्या संगीत महोत्सवाला गेलो, लिंकिन पार्क ऐकायला. माझं वय ४२, उजवा गुडघा कुरकुरतोय, भाची १६ ची आणि तिला ह्या बँडचं सगळं पाठ. माझं लिंकिन पार्क म्हणजे २००३ साल, हॉस्टेलवर अख्ख्या मजल्यात एकाकडे कॉम्प्युटर, त्यावर विनअ‍ॅम्प, आणि एक राइट केलेली सीडी जिच्यावर मार्करने 'एलपी + मिक्स' लिहिलेलं. हायब्रिड थिअरी आणि मेटिओरा, त्यांचे पहिले दोन्ही अल्बम त्यात कोंबलेले. त्या सीडीला ओरखडा होता, त्यामुळे 'इन द एन्ड'चं दुसरं कडवं सुरू झालं की अर्ध्यात टुक् करून उडायचं आणि डायरेक्ट ध्रुवपद. आम्ही ते तसंच पाठ केलं, म्हणायचो पण तसंच. तर परवा रेसकोर्सवर सगळं मैदान बँडचा रॅपर माइक शिनोडाबरोबर ते दुसरं कडवं म्हणतंय आणि मी एकटा बेंबीच्या देठापासून ओरडत ध्रुवपदावर पोचलेलो. भाचीने माझ्याकडे असं बघितलं ना.

असो. प्रश्न असा की मेटिओरानंतर नोकरी, लग्न, बदल्या, ह्या सगळ्यात हा बँड माझ्या हातून सुटला तो सुटलाच. २०१७ ला त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्याची बातमी वाचून जाम वाईट वाटलं पण मधलं काहीच ऐकलेलं नव्हतं. तर मधे ह्यांनी नक्की काय केलं, रॅप कमी का झालं, आणि मी कुठून सुरू करू? आणि दुसरं म्हणजे त्याच हॉस्टेलचा एक मित्र म्हणतो चेस्टर नाही तर हा आता ऑर्केस्ट्रा झालाय, पैसे वाया घालवलेस. तुम्हाला काय वाटतं?

रीळ_अडकली

भावा, त्या ओरखड्यासाठी तुला सलाम.

थोडं मागून सांगतो कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही. १९९६ मधे कॅलिफोर्नियातल्या अगोरा हिल्समधे ह्या पोरांनी बँड काढला तेव्हा नाव होतं झीरो आणि गायक वेगळाच होता. तो बँड सोडून गेला, मग १९९९ मधे अ‍ॅरिझोनात बसलेल्या चेस्टरला टेप पाठवली, आणि हा गडी स्वतःच्या तेविसाव्या वाढदिवसाची पार्टी सोडून त्या टेपवर गायला गेला. नंतर नाव हायब्रिड थिअरी, ते पण बदलावं लागलं, मग सांता मोनिकातल्या लिंकन पार्कवरून लिंकिन पार्क. स्पेलिंग वाकडं का, तर सरळ स्पेलिंगचं वेबसाइटचं नाव परवडत नव्हतं. म्हणजे नावापासूनच जुगाड.

ऑक्टोबर २००० ला हायब्रिड थिअरी हा अल्बम आला आणि मग हे लोक जे गाडीत बसले ते उतरलेच नाहीत. २००१ ह्या एका वर्षात ३०० च्या वर कार्यक्रम केलेत. हिशोब कर, वर्षात दिवस किती. अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच. लोक म्हणतात टीव्हीने मोठे केले, केलंच असेल, पण गावोगाव जाऊन रोज रात्री तीच गाणी म्हणत होते हे कोणी बोलत नाही. आणि मेटिओराची बरीचशी जुळवाजुळव ह्याच दौऱ्यात बसमधे झाली, मागच्या भागात छोटा स्टुडिओ थाटला होता, माइक आणि गिटारवाला ब्रॅड तिथे बसून तुकडे रेकॉर्ड करायचे. तू जे हॉस्टेलवर ऐकलंस त्यातलं बरंच चालत्या गाडीत सुचलंय.

आता मेटिओरानंतर. २००४ ला रॅपर जे-झीबरोबर कोलिजन कोर्स, हा आधी ऐक, छोटा आहे, तुझीच जुनी गाणी आहेत पण त्याच्या रॅपला जोडलेली, त्यातल्या 'नम/एन्कोर'ला ग्रॅमी पण मिळालं. मग २००५ ला माइकने फोर्ट मायनर नावाने स्वतःचा हिप-हॉप अल्बम काढला. आणि मग २००७ ला मिनिट्स टू मिडनाइट, निर्माता रिक रुबिनबरोबर, तिथे आपल्यासारख्यांची विकेट पडली कारण अख्ख्या अल्बममधे रॅपची गाणी दोनच. मला तेव्हा एवढा राग आला होता की सीडी मित्राला देऊन टाकली. आता वाटतं बरोबर केलं त्यांनी, तिसऱ्यांदा तेच केलं असतं तर आपणच नावं ठेवली असती.

२०१० चा अ थाउजंड सन्स शांतपणे, हेडफोन लावून, एका बैठकीत. रॅप परत आहे पण वेगळ्या चालीचं, मागे ढोलासारखे ठोके. माझ्या मते तो सगळ्यात धाडसी. २०१२ चा लिव्हिंग थिंग्ज गाडी चालवताना चालेल. २०१४ च्या हंटिंग पार्टीत रकीम आहे, म्हणजे हिप-हॉपवाल्यांचा गुरुजीच. २०१७ चा वन मोअर लाइट सगळ्यात शेवटी ठेव, आणि एकटा असताना ऐकू नकोस.

घाटावरचा_ड्रमर

वरच्याशी सहमत, फक्त रॅप "कमी झालं" ह्यावर थोडं. मी पुण्यात कॉलेजला असताना आमचा पाच जणांचा बँड होता, सगळे कॉलेज फेस्ट ह्यांचीच गाणी वाजवून काढले, त्यामुळे अनुभवाने सांगतो की हे प्रकरण ऐकायला सोपं आणि वाजवायला डोकेदुखी. गिटार वाजवणाऱ्याला काही कामच नाही असं वाटतं, सोलो नाही, दोन-चार सुरांचा जाड तुकडा, तोच परत परत. आमचा गिटारवाला रुसायचा. पण गंमत अशी की ब्रॅड डेल्सन गिटार हिप-हॉपच्या सॅम्पलसारखी वापरतो, छोटा तुकडा कापायचा आणि ठोक्यावर बसवायचा. मी ड्रमवर, आणि माझ्या डोक्यावर लूप, कारण अर्धे ठोके मशीनचे असतात, त्याच्या पुढे-मागे झालं की सगळं गाणं विस्कटतं. आमच्याकडे टर्नटेबलवाला जो हान नव्हताच, एक जण तोंडाने कुर्रर्र कुर्रर्र करायचा. हसू नका, बक्षीस मिळालंय.

आणि मुख्य म्हणजे गायकांचे दोन मायक्रोफोन. आमच्या साऊंडवाल्याला (कोण ते जाऊ द्या) शेवटपर्यंत कळलं नाही की रॅपवाल्याचा आवाज वर आणि किंचाळणाऱ्याचा थोडा खाली ठेवायचा असतो, तो दोघांना सारखाच ठेवायचा, मग कडव्यात शब्द गायब आणि ध्रुवपदात लोकांचे कान गायब. लिंकिन पार्कचं सगळं गाणं ह्या उतरंडीवर उभं आहे. माइक गोष्ट सांगतो, हळू, मोजून, आणि मग चेस्टर येऊन त्या गोष्टीची आग करतो. पहिल्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीतल्या काही लोकांना माइकचं रॅप नकोच होतं, चेस्टरला पुढे करा म्हणत होते, आणि चेस्टर माइकच्या बाजूने उभा राहिला. आणि ज्या 'इन द एन्ड'वर तुम्ही आपटलात ते गाणं सुरुवातीला चेस्टरलाच आवडलं नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलंय.

अजून एक, हायब्रिड थिअरी ३७ मिनिटांचा, मेटिओराही तेवढाच. दोन्ही सलग वाजवले तरी सव्वा तास. मोठ्या मैदानावर दीड-दोन तास लोकांना उभं ठेवायचं तर संथ गाणी लागतात, श्वास घ्यायला जागा लागते. नंतरच्या अल्बमांत ती जागा आली ह्याचं एक कारण दौरे असणार असं मला वाजवणारा म्हणून वाटतं.

स्पष्ट_बोलते

मी विरोधी पक्षात. ऑर्केस्ट्रा शब्द जरा जास्त आहे पण तुमचा मित्र अगदीच चुकीचा नाही.

चेस्टरचा शेवटचा कार्यक्रम ६ जुलै २०१७, बर्मिंगहॅम. २० जुलैला तो गेला, पुढच्या आठवड्यात अमेरिकेतला दौरा सुरू व्हायचा होता. ऑक्टोबरमधे लॉस एंजेलिसच्या 'हॉलीवूड बोल' ह्या खुल्या रंगमंचावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला, जवळजवळ तीन तास, वेगवेगळे लोक येऊन गायले, आणि 'नम'ला गायकच ठेवला नाही, रिकाम्या मायक्रोफोनवर लाइट आणि गाणं म्हटलं प्रेक्षकांनी. मी ते रात्री दोन वाजता मोबाइलवर बघितलं, रूममेट झोपलेली म्हणून उशीत तोंड खुपसून रडले. माझ्यासाठी बँड तिथे संपला आणि छान संपला. नंतर सात वर्षांनी सप्टेंबर २०२४ ला एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन परत आले. ती वाईट गाते असं मी म्हणतच नाही, बाई जबरदस्त ओरडते. पण ती जेव्हा 'क्रॉलिंग' गाते तेव्हा ते दुखणं तिचं नसतं ना. शिवाय मूळ ड्रमर रॉब परत आला नाही, ब्रॅड अल्बममधे आहे पण दौऱ्यावर येत नाही, त्याच्या जागी दुसरा गिटार वाजवतो. म्हणजे कराडकर, तुम्ही स्टेजवर जे बघितलंत त्यात मूळचे तिघं. नवीन नाव घेतलं असतं तर मी पहिल्या रांगेत असते.

नारायणगावकर

ताई, राग मानू नका, पण आमच्या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, आणि लहानपणापासून बघतोय की फडाचं नाव तेच राहतं, आत माणसं बदलतात. सरदार गेला म्हणून ढोलकी खुंटीला टांगत नाही कोणी. लोक पहिल्या वर्षी नावं ठेवतात, "आधीच्याची सर नाय", आणि तिसऱ्या वर्षी त्याच तंबूत शिट्ट्या मारतात. आणि ड्रमरभाऊ म्हणतात ते दोन आवाजांचं, ते तर आपल्याकडे शाहीर आणि झीलकरी आहेतच की. शाहीर प्रसंग सांगतो आणि झीलकरी उचलतो. हे शाहीर माइक शिनोडा, तो हाय ना अजून?

रॅपमधलं मला काय कळत नाय, पोरगा ऐकतो.

स्पष्ट_बोलते

राग नाही आला, तंबूचं पटलं थोडं. पण झीलकरी आणि चेस्टर एका वाक्यात, दादा, थोडं जपून :)

रीळ_अडकली

ताई, नवीन नावाबद्दल, २०२४ च्या अल्बमचं नावच बघा ना, फ्रॉम झीरो. शून्यातून, आणि झीरो हे त्यांचं पहिलं नाव. म्हणजे चेस्टर यायच्या आधीचा बँड. मला त्यात त्याला पुसायचा प्रयत्न दिसत नाही, उलट त्याची खुर्ची सोडून शेजारी सतरंजी टाकल्यासारखं वाटतं. अल्बम पण परत जेमतेम ३२ मिनिटांचा आणि रॅप भरपूर.

आणि कराडकर, २०२३ ला मेटिओराच्या वेळचं एक न वापरलेलं गाणं बाहेर काढलं त्यांनी, 'लॉस्ट'. चेस्टरचा तेव्हाचा आवाज. तुमच्या सीडीवर जागा असती तर हे पण त्यातच असतं.

कराडकर_८३

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर 'लॉस्ट' लावलं. काय सांगू, वीस वर्षं कपाटात राहिलेला शर्ट घातला आणि बसला, असं झालं. बायको म्हणाली हे जुनंच आहे ना, तू हॉस्टेलच्या गोष्टी सांगायचास त्यातलं. म्हटलं हो आणि नाही.

ताई, तुमचं 'क्रॉलिंग'बद्दलचं पटलं, रेसकोर्सवर मला पण तसंच काहीतरी वाटत होतं पण नेमकं सांगता येत नव्हतं. पण भाचीने चेस्टरला लाइव्ह कधी बघितलंच नाही, तिच्यासाठी एमिलीच ती गाणी गाणारी बाई आहे, आणि ती ज्या पद्धतीने गात होती, डोळे मिटून, शेजारच्या अनोळखी पोरीचा हात धरून, ते बघून मित्राला ऑर्केस्ट्राचं उत्तर काय द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. थाउजंड सन्सपासून सुरू करतोय.

आणि हो, ते दुसरं कडवं पाठ करायला घेतलंय. भाची रोज व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवते, मी व्हॉइस नोटवर म्हणून पाठवायची. कालच्या ओळीवर तिचं उत्तर आलं, "मामा, श्वास कुठे घेतोयस?"