गुलमर्ग: लांब स्कीने वेग खरंच वाढतो का?

मदत हवी आहे. उंची १७२ सेंमी, वजन ८० किलो, दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं नीट जमतात. गुलमर्गच्या दाबून सपाट केलेल्या उतारावर भाड्याच्या १६० सेंमीच्या स्की वापरतो. सरळ उतरताना वेग वाढला की टोकं थरथरतात आणि नाइलाजाने वेग आवरावा लागतो. वॅक्स केलं, कडांना धार लावली; फरक थोडाच. स्कीइंग विश्वचषकात डाउनहिलला (सर्वात वेगवान उतार शर्यत) पुरुषांची स्की किमान २१८ सेंमी लागते, स्लॅलमला (जवळजवळच्या खांबांमधून झटपट वळणांची शर्यत) १६५, म्हणजे लांबीचा वेगाशी संबंध आहेच. पण कडक बर्फावर लांब स्की मुळातच जास्त वेगाने घसरते, की फक्त स्थिर राहते म्हणून आपण वेग सोडू शकतो? भुसभुशीत बर्फात मी जात नाही, नवीन विकत घेणंही शक्य नाही. दुकानात १६८ आणि १७५ मिळतात. वळणं फार जड न होता थरथर थांबवायची तर कोणती घेऊ?