प्रॉडक्ट शूट: सगळे फोटो एकाच साच्यातले, नवं सुचण्यासाठी नेमकं काय करता?

सावली_४५:
मंडळी, काम फ्रीलान्स, बहुतेक बाटल्या, डबे आणि ट्यूब. सेटअप ठरलेला: दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर ६० बाय ९० सेंटिमीटरचे सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड लावून उजेड मऊ करणारी पेटी), मागे पांढरा कागद, कॅमेऱ्याची सेटिंग एफ ११, आयएसओ १००. क्लायंटची तक्रार नाही. पण पोर्टफोलिओतले वीस फोटो शेजारी ठेवले, की एकाच बाटलीची लेबलं बदलल्यासारखं दिसतं. नेटवरून संदर्भ जमवले तर एकतर नक्कल होते, नाहीतर तसं जमतच नाही. ‘निसर्गात फिरा, चित्रं बघा’ हे कृपया नको. शूटच्या आदल्या दिवशी टेबलावर काय करायचं ते सांगा.

उलट_वर्ग:
आधी एक दिवा बंद करा. दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात, आणि वस्तूची गोलाई तर सावलीमुळेच कळते. तुमचा साचा आहे तो इथे.

संदर्भ जमवायला हरकत नाही, पण ते नुसते बघू नका, वाचा. सावलीची कड तीक्ष्ण असेल तर दिवा लहान किंवा लांब. कड विरघळलेली असेल तर दिवा मोठा आणि जवळ. सावली आखूड म्हणजे दिवा उंच. चकचकीत वस्तूवर तर दिव्याचा आकार सरळ छापलेलाच असतो: चौकोन, पट्टी, गोल. या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि फोटो बंद करा. नंतर त्यातली फक्त एक आपल्या वस्तूवर लावा. फोटो समोर उघडा ठेवून काम केलं की हात आपोआप नकलेकडे जातो.

दुसरं, अंतराशी खेळा. बाटली पांढऱ्या भिंतीच्या २ मीटर पुढे ठेवा. दिवा बाटलीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीपर्यंत ३ मीटर होतात. अंतर तिप्पट झालं की उजेड नऊपट घटतो, म्हणजे भिंतीवर नवव्या हिश्श्याइतका उजेड, साधारण ३ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). भिंत करडी. दिवा अर्ध्या मीटरवर आणून पॉवर २ स्टॉप उतरवली की बाटलीवर उजेड तेवढाच, पण भिंतीवर साडेचार स्टॉप कमी. तीच भिंत काळपट. नवा बॅकड्रॉप न घेता चार वेगळे मूड निघतात. फक्त दिव्याचं तोंड भिंतीकडे वळलेलं असेल किंवा खोलीचं छत पांढरं आणि बुटकं असेल, तर उजेड परतून येतो आणि हिशेब चुकतो. छताखाली काळं कापड ताणा.

ट्रेसिंग_पेपर:
वरच्यांशी सहमत, पण चकचकीत बाटलीला नुसता सॉफ्टबॉक्स लावला की कडक कडांचा पांढरा चौकोन दिसतो, आणि ‘सगळे फोटो सारखे’ वाटण्याचं निम्मं कारण तो चौकोन असतो. बाटलीपासून १५-२० सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर चौकटीवर ताणून उभा करा आणि दिवा त्याच्या मागे. दिवा कागदाच्या जवळ, ३० सेंटिमीटरवर आणला की मधोमध तेजस्वी आणि कडांकडे विरत जाणारी चकाकी मिळते. ८० वर नेला की सपाट. थोडा तिरका केला की एका बाजूने सुरू होऊन दुसरीकडे मावळणारी. हे तीन फ्रेम अर्ध्या तासात होतात.

बिघडतं कुठे? कागदाला सुरकुती असेल तर ती बाटलीवर जशीच्या तशी दिसते. कागद अरुंद असेल तर त्याची कड बाटलीत उभी रेघ होऊन उतरते. बाटलीच्या उंचीच्या दुप्पट तरी कागद हवा.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचा १९३० सालचा ढोबळ्या मिरचीचा फोटो आठवा. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, म्हणून उजेड चहूबाजूंनी घरंगळत आला. वस्तू साधीच होती, नवी होती ती ठेवण्याची जागा. कल्पना अडली की वस्तू कशाच्या आत, कशाच्या वर, कशाला टेकून राहील एवढंच बदलून बघा.

आणि प्रत्येक फ्रेमनंतर मोबाइलवर सेटचा एक फोटो वरून, एक बाजूने. महिन्याभराने आवडलेली चकाकी परत आणायची असते तेव्हा आठवण कामाला येत नाही.

ब्रीफ_आधी:
थोडा विरोध. प्रयोगाचा दिवस वेगळा ठेवा, शूटचा वेगळा. शूटच्या दिवशी आधी यादीतले फोटो संपवायचे, शेवटची २० मिनिटं स्वतःच्या एका फ्रेमसाठी. ती क्लायंटला जास्तीची म्हणून दाखवा, यादीतल्या फोटोच्या बदली नाही.

नकलेबद्दल: क्लायंटला एकच संदर्भ दाखवला की तो हुबेहूब तोच मागतो आणि तुम्ही अडकता. तीन वेगळे दाखवा आणि खाली लिहा: याचा फक्त उजेड, याचे फक्त रंग, याची फक्त चौकट. एकाच फोटोतून मांडणी, प्रॉप आणि उजेड तिन्ही उचलले तर ती प्रेरणा राहत नाही, कॉपीराइटचं भांडणही होऊ शकतं.

तेही नसेल तर ब्रीफमधली, म्हणजे क्लायंटने लिहून दिलेल्या मागणीतली, विशेषणं घ्या. ‘ताजं’ असं लिहिलंय ना? मग थेंब हवेत. नुसतं पाणी दिव्याखाली ओघळतं आणि सुकतं, म्हणून पाणी आणि ग्लिसरीन निम्मंनिम्मं करून बारीक फवाऱ्याने, एक हात अंतरावरून. कागदी लेबलावर आधी मॅट क्लिअर स्प्रेचा हात द्या, नाहीतर ते फुगतं. वस्तूचे जास्तीचे दोन-तीन नग आधीच मागवा.

सावली_४५:
दिवा बंद केला, कागद लावला, फरक लगेच दिसला. पण तेलाची पारदर्शक बाटली मागचा भाग काळा होताच मातकट दिसते. पॉवर वाढवली तर लेबल जळतं, म्हणजे फोटोत पांढरंफटक होतं.

ट्रेसिंग_पेपर:
कारण तेलातून दिसतो तो मागचा काळोख. पुढून कितीही उजेड टाका, रंग उजळणार नाही. पांढरं किंवा चंदेरी कार्ड बाटलीच्या आकाराचं, पण सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान कापा. बाटलीच्या मागे ३-४ सेंटिमीटरवर किंचित मागे कलतं टेकवा आणि वरून एक छोटा दिवा फक्त त्या कार्डावर पाडा. लेबलाच्या मागचा भाग कापायची गरज नाही, तो झाकलेलाच असतो.

उलट_वर्ग:
कार्ड जुळवताना डोळा कॅमेऱ्याच्या मागेच ठेवा, शक्यतो केबलने लॅपटॉपवर बघत. बाजूने बघून लावलं तर कार्डाची कड काचेत डोकावते. शिवाय जाड काचेच्या तळाशी प्रतिमा वाकते, तिथे कार्ड आणखी थोडं वर कापावं लागतं.